सहीच्या आधीचे काम : माहितीपूर्ण संमती घेण्याची क्रमवार पद्धत

संमतिपत्राचा नमुना शोधत येणारे बहुतेक गट काही पायऱ्या गाळून थेट तिथवर पोहोचलेले असतात. मुलाखती ध्वनिमुद्रित करायच्या, आरोग्यविषयक सर्वेक्षण करायचे, छायाचित्रे घ्यायची किंवा एखादी उपचारपद्धती तपासून पाहायची असे ठरले की कागद तयार होतो, त्यावर सह्या घेतल्या जातात आणि त्या सह्यांच्या चळतीलाच संमती म्हटले जाते. वास्तविक कागद हा या प्रक्रियेतला सहावा टप्पा आहे. आधीचे पाच टप्पे वगळून घेतलेल्या सहीवरून इतकेच कळते की त्या दिवशी त्या माणसाच्या हाती पेन होते.

माणसांवरील संशोधनाच्या नीतितत्त्वांविषयी अमेरिकेत १९७९ साली प्रसिद्ध झालेल्या बेलमाँट अहवालाने संमतीचे तीन घटक सांगितले आहेत : माहिती, आकलन आणि स्वेच्छा. बहुतेकांचे सगळे कष्ट पहिल्या घटकावर खर्च होतात, दुसरा घटक गृहीत धरला जातो आणि तिसऱ्याचा विचार कोणी तक्रार केल्यावर सुरू होतो. या तिन्हींची तजवीज कोणत्या क्रमाने करावी, ते पुढे दिले आहे. संशोधन करणाऱ्यांना आपापल्या देशाचा कायदा आणि नैतिकता समितीची मान्यता बंधनकारक असतेच; हा क्रम त्यांच्या जागी वापरायचा नसून त्यांच्यापुढे जाण्याआधीच्या तयारीसाठी आहे.

## टप्पा १ : गटाने आधी आपसांत ठरवावे

कोणत्याही गटात योग्य-अयोग्याच्या कल्पना एकसारख्या नसतात. एकाला वाटते की हेतू चांगला असेल तर चेहऱ्यासकट छायाचित्र छापायला हरकत नाही. दुसऱ्याला नाव बदलूनही व्यथा छापणे खटकते. तिसऱ्याच्या मते मानधन दिले की हिशेब मिटला. या सगळ्यांचे प्रत्येक प्रश्नावर एकमत होण्याची वाट पाहिली तर काम कधीच सुरू होणार नाही, आणि तसे एकमत आवश्यकही नाही. एकाच गोष्टीवर सर्वांनी एकत्र येणे पुरेसे आहे : जे समोरच्या व्यक्तीला समजलेले नाही, किंवा जे नाकारण्याची तिला खरी मोकळीक नव्हती, ते तिच्याकडून घ्यायचे नाही. हा नियम कोणाची मूल्ये बदलायला लावत नाही. निर्णय कोणाचा, एवढेच तो ठरवतो. म्हणूनच वेगवेगळ्या श्रद्धांच्या आणि विचारांच्या माणसांना तो एकत्र पाळता येतो.

हे मान्य झाल्यावर गटाने बसून तीन वाक्ये लिहावीत : आपण लोकांकडून नेमके काय मागणार आहोत, ते कशासाठी वापरणार आहोत, आणि ते कोणाकोणाच्या हाती जाणार आहे. प्रत्येक उत्तर एकाच वाक्यात बसले पाहिजे आणि त्यात ‘इत्यादी’, ‘वगैरे’ किंवा ‘अन्य संबंधित कारणांसाठी’ असे शब्द नसावेत. जिथे असा शब्द घालण्याचा मोह होतो, तिथे गटाचेच काही ठरलेले नाही असे समजावे.

यानंतर चौथे वाक्य लिहावे, आणि ते बहुतेक जण विसरतात : समोरच्याने होकार दिला तरी आपण काय करणार नाही? संमती मिळाली म्हणजे सगळे क्षम्य झाले, हा मोठा गैरसमज आहे. माणसांवरील प्रयोगांविषयीच्या १९४७ च्या न्यूरेंबर्ग संहितेत दहा कलमे आहेत. स्वेच्छेने दिलेली संमती हे त्यांतले पहिले कलम खरे, पण उरलेल्यांत अनावश्यक वेदना टाळणे, जोखीम अपेक्षित उपयोगापेक्षा जास्त न होऊ देणे, धोका दिसताच प्रयोग थांबवणे अशा जबाबदाऱ्या आहेत आणि त्यांतल्या बहुतेक संमती मागणाऱ्यावर आहेत. समोरच्याने मान्यता दिली म्हणून त्या त्याच्या खांद्यावर जात नाहीत.

गटातल्या सदस्यांनाही हीच पद्धत लागू करावी. नियम कोणी एकाने लिहून इतरांना कळवले असतील, किंवा एखाद्या सदस्याला ‘हे काम मी करणार नाही’ असे म्हणण्याची सोय नसेल, तर तो गट बाहेरच्या माणसाचा नकार नीट ऐकू शकेल यावर माझा विश्वास नाही. नव्याने येणाऱ्या सदस्याला नियमांची प्रत देऊन भागवू नये. एकेक नियम कशासाठी आहे ते सांगून त्याची हरकत विचारावी.

तपासणी : दोन सदस्यांनी गटाबाहेरच्या एकाच व्यक्तीला वेगवेगळ्या वेळी, कागद न पाहता, हे काम समजावून सांगावे. दोघांच्या सांगण्यात तिला फरक जाणवला, तर पुढे जाऊ नये.

## टप्पा २ : नकाराची वाट आधी आखावी

सर्वाधिक चुका इथे होतात, म्हणून या टप्प्याला सर्वांत जास्त वेळ द्यावा. होकार कसा घ्यायचा हे ठरवण्याआधी, नकार देणाऱ्याचे काय होईल हे ठरवावे लागते. नकार देणाऱ्याला काहीतरी गमवावे लागत असेल, तर दिलेला होकार स्वेच्छेचा आहे की नाइलाजाचा, हे बाहेरून ओळखता येत नाही. आणि पुष्कळदा देणाऱ्यालाही ते नीट सांगता येत नाही.

प्रत्येक संभाव्य सहभागीच्या बाजूने हे प्रश्न विचारून पाहावेत. मी नाही म्हटले तर मला मिळणारी सेवा, उपचार, गुण किंवा काम यांवर परिणाम होईल का? परिणाम होणार नसला, तरी होईल असे मला वाटण्यासारखी परिस्थिती आहे का? माझा नकार कोणाकोणाला कळेल? मी नंतर त्याच माणसाकडे दुसऱ्या कामासाठी गेलो, तर त्याची वागणूक बदलेल का? यांतला दुसरा प्रश्न कळीचा आहे. शिक्षक स्वतः कितीही उदार असले, तरी आपल्याच वर्गातल्या विद्यार्थ्यांसमोर ते ‘ऐच्छिक’ प्रश्नावली ठेवतात तेव्हा विद्यार्थी शिक्षकांचे शब्द ऐकत नाहीत, त्यांचे स्थान पाहतात. डॉक्टर आणि रुग्ण, मालक आणि नोकर, मदत देणारी संस्था आणि मदत घेणारे कुटुंब, सगळीकडे हेच होते.

उपाय साधा आहे आणि तो जागतिक वैद्यकीय संघटनेच्या हेलसिंकी जाहीरनाम्यातही सांगितलेला आहे : सहभागी व्यक्ती संशोधक डॉक्टरवर अवलंबून असेल किंवा दबावाखाली संमती देण्याची शक्यता असेल, तर त्या नात्याबाहेरच्या पात्र व्यक्तीने संमती विचारावी. वैद्यकाबाहेरच्या कामांतही हा नियम जसाच्या तसा वापरता येतो. शिक्षकांच्या अभ्यासासाठी दुसऱ्या कोणी विचारावे, आणि कोणी होकार दिला, कोणी नाही, हे निकाल लागेपर्यंत शिक्षकांना कळू देऊ नये.

मोबदल्याचाही विचार इथेच करावा. गेलेला वेळ आणि प्रवासखर्च भरून देणे रास्त आहे. मात्र रक्कम इतकी मोठी असू नये की एरवी ज्या धोक्याला माणूस नाही म्हणाला असता, तो धोका तो डोळे मिटून पत्करेल. आणि मध्येच थांबणाऱ्याचे आधीच्या वेळेचे पैसे बुडतील अशी अट तर मुळीच ठेवू नये, कारण ती अट म्हणजे माघारीवर लावलेला दंडच असतो.

इशारा : ‘सगळ्यांनी होकार दिला’ ही बातमी आनंदाची मानू नये. मोठ्या गटात एकही नकार आला नसेल, तर बहुधा नाही म्हणायला जागाच नव्हती. अशा वेळी पुढे न जाता याच टप्प्यावर परत यावे.

## टप्पा ३ : माहितीचा मजकूर तयार करावा

मजकुराचा क्रम वाचणाऱ्याच्या गरजेनुसार ठरवावा. आपल्याला जे सांगायला आवडते ते नेहमी आधी येते : संस्थेचा परिचय, विषयाचे महत्त्व, समाजाला होणारा फायदा. वाचणाऱ्याला मात्र प्रथम हवे असते ते हे की मला काय करावे लागेल, किती वेळ लागेल, मला त्रास काय होऊ शकतो, आणि नाही म्हटले तर चालेल का. अमेरिकेतील संशोधनविषयक सुधारित नियमांनुसार, जे २०१९ पासून सर्वसाधारणपणे पाळावे लागतात, निर्णयाला उपयोगी पडणारी मुख्य माहिती थोडक्यात आणि सर्वांत आधी द्यावी लागते. पानेच्या पाने भरणारी संमतिपत्रे कोणी वाचत नाही, हे नियम करणाऱ्यांनाही मान्य करावे लागले.

मुख्य माहितीनंतर पुढील बाबी याव्यात : काम कोण करत आहे आणि त्याचा खर्च कोण उचलत आहे, कोणत्या गोष्टी घेतल्या जातील, संभाव्य त्रास व धोके, सहभागीला स्वतःला काही लाभ आहे की नाही, सहभागी न होता उपलब्ध असलेले अन्य मार्ग, माहिती कुठे, किती काळ आणि कोणाच्या ताब्यात राहील, माघार कशी व कधीपर्यंत घेता येईल, आणि तक्रार कोणाकडे करावी. तक्रारीसाठी दिलेली व्यक्ती संमती मागणाऱ्यापेक्षा वेगळी असावी.

भाषेबद्दल दोनच गोष्टी सांगतो. धोका सांगताना ‘क्वचित’, ‘अल्प’, ‘नगण्य’ असे शब्द एकटे वापरू नयेत, कारण प्रत्येकाचे क्वचित वेगळे असते. खात्रीचा आकडा हाती असेल तर ‘हजारांपैकी इतक्यांना’ असे सांगावे, आणि आकडा माहीत नसेल तर तो माहीत नाही असे लिहावे. दुसरे, ‘गोपनीय’ आणि ‘निनावी’ या शब्दांची गल्लत करू नये. माहिती गोपनीय आहे म्हणजे माणूस कोण हे आपल्याला ठाऊक आहे, पण आपण ते इतरांना सांगणार नाही. निनावी म्हणजे ते आपल्यालाही कळू शकत नाही. ध्वनिमुद्रित मुलाखत बहुधा निनावी नसते, कारण आवाज ओळखता येतो. लहान वस्तीत वय, व्यवसाय आणि मुलांची संख्या एवढ्यावरूनही शेजारी माणूस ओळखतात.

वापराचा हेतू लिहिताना शब्द किती सैल ठेवावेत, यावर पुष्कळ वाद होतात. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यातल्या हवासुपाई जमातीचे उदाहरण इथे उपयोगी आहे. १९९० पासून तिथे रक्ताचे नमुने घेण्यात आले तेव्हा देणाऱ्यांची समजूत अशी होती की आपल्या लोकांत फार वाढलेल्या मधुमेहाचा अभ्यास होणार आहे. संमतिपत्रातले शब्द मात्र बरेच व्यापक होते. पुढे त्याच नमुन्यांवर मानसिक आजार आणि जमातीच्या प्राचीन स्थलांतराविषयीही अभ्यास झाले. त्यांपैकी स्थलांतराचे निष्कर्ष जमातीच्या स्वतःच्या उत्पत्तिकथेच्या विरोधात जाणारे होते. प्रकरण न्यायालयात गेले आणि २०१० मध्ये नमुने घेणाऱ्या संशोधकांच्या विद्यापीठाने तडजोड करून भरपाई दिली व उरलेले नमुने परत केले. सह्या होत्या, शब्दही होते. पण कागदावरचा हेतू आणि माणसाच्या मनातला हेतू एक नव्हता. म्हणून भविष्यातील अन्य वापराची परवानगी हवी असेल, तर ती मुख्य वाक्यात न मिसळता वेगळा प्रश्न म्हणून विचारावी.

तपासणी : मजकूर त्या विषयाशी संबंध नसलेल्या व्यक्तीकडून मोठ्याने वाचून घ्यावा. ती जिथे अडखळेल, तिथे चूक लिहिणाऱ्याची आहे.

## टप्पा ४ : समोरासमोर सांगावे आणि थांबावे

कागद हातात देण्याआधी तोंडी सांगावे. सांगताना जागा अशी निवडावी की सासू, साहेब, शिक्षक किंवा गटप्रमुख शेजारी बसलेला नसेल. मात्र सहभागीला स्वतःहून कोणी विश्वासाचे माणूस जवळ हवे असेल, तर ते अडवू नये. एका बैठकीत अनेकांना एकदम सांगायला हरकत नाही, पण निर्णय प्रत्येकाकडून एकट्याने घ्यावा. सभेत हात वर करायला लावणे ही संमती घेण्याची पद्धत नव्हे.

सांगून झाल्यावर वेळ द्यावा. किती, हे धोक्यावर अवलंबून आहे. पाच मिनिटांच्या प्रश्नावलीला काही क्षण पुरतात, पण आपल्या खाजगी आयुष्यातले काही प्रसिद्ध होणार असेल किंवा शरीरावर काही केले जाणार असेल, तर किमान एक रात्र मध्ये जाऊ द्यावी आणि मजकुराची प्रत घरी नेऊ द्यावी. ‘आजच सांगा, उद्या आमची टीम परत जाणार आहे’ हे वाक्य ज्या नियोजनात येते, ते नियोजनच बदलावे.

## टप्पा ५ : समजले की नाही ते पाहावे

‘समजलं ना?’ हा प्रश्न विचारू नये. त्याचे उत्तर ‘हो’ असेच येते, कारण नाही म्हणणे म्हणजे आपल्या बुद्धीची उणीव कबूल करणे असे माणसाला वाटते. मीही काही काळ हाच प्रश्न विचारत असे आणि डोलणाऱ्या मानांवर समाधानी असे. नंतर एका बाईंनी मुलाखतीच्या शेवटी, हे रेडिओवर कधी लागणार, असे विचारले. माझ्या कामाचा रेडिओशी काहीही संबंध नव्हता, आणि त्यांच्या होकाराचा माझ्या कामाशी.

योग्य पद्धत अशी की परीक्षा समोरच्याची न घेता आपली घ्यावी. ‘मी नीट सांगितले की नाही ते मला पाहायचे आहे, घरी गेल्यावर या कामाबद्दल तुम्ही काय सांगाल?’ असे विचारावे आणि गप्प बसावे. उत्तरात चार गोष्टी आल्या पाहिजेत : काय घेतले जाणार, त्याचे पुढे काय होणार, त्रास काय होऊ शकतो, आणि नाही म्हणता येते. एखादी गोष्ट सुटली तर तेवढीच पुन्हा, वेगळ्या शब्दांत सांगावी. पहिलेच वाक्य मोठ्या आवाजात परत म्हणू नये. दोन-तीन वेळा सांगूनही मुख्य गोष्ट पोहोचत नसेल, तर त्या व्यक्तीला घेऊ नये, निदान त्या दिवशी तरी.

वैद्यकीय संशोधनात एक गैरसमज वारंवार आढळतो, त्याकडे विशेष लक्ष द्यावे. प्रयोगातले औषध आपल्यासाठीच निवडले आहे, अशी रुग्णाची समजूत असते, जेव्हा खरे तर कोणाला कोणते औषध मिळेल हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे ठरत असते. ‘हे औषध तुम्हाला का मिळेल?’ असे स्पष्ट विचारले तरच हा गैरसमज वर येतो.

इशारा : दुभाषी वापरत असाल, तर तो कुटुंबातला नसावा. नातेवाईक अवघड वाक्ये मऊ करून सांगतात, आणि कधी नकारही पोहोचवत नाहीत.

## टप्पा ६ : आता नोंद करावी

पत्रावर एकच सही न घेता वेगवेगळ्या बाबींसाठी वेगवेगळे हो-नाही ठेवावे : मुलाखतीला, ध्वनिमुद्रणाला, छायाचित्राला, नाव छापण्याला, भविष्यातील वापराला. मुलाखत देऊन छायाचित्राला नाही म्हणणारा सहभागी हा अडथळा नव्हे. त्याने मजकूर वाचला आहे याची ती खूण आहे. आधीच खूण केलेली चौकट ठेवू नये. मे २०१८ पासून लागू असलेल्या युरोपीय संघाच्या माहिती-संरक्षण नियमांत गप्प राहणे किंवा आधीच खूण केलेली चौकट यांना संमती मानलेले नाही.

वाचता न येणाऱ्या व्यक्तीच्या बाबतीत मजकूर पूर्ण वाचून दाखवावा, गटाबाहेरचा साक्षीदार सुरुवातीपासून हजर ठेवावा आणि त्याची सही घ्यावी. साक्षीदार केवळ अंगठा पाहायला शेवटी बोलावला, तर त्याच्या सहीला अर्थ राहत नाही. जिथे सहीचा कागदच माणसाला धोक्यात आणू शकतो, उदाहरणार्थ छळापासून पळून आलेल्यांच्या बाबतीत, तिथे नाव नसलेली तोंडी संमती घेऊन संमती मागणाऱ्याने तारीख, जागा आणि काय सांगितले हे लिहून ठेवावे. पत्राची एक प्रत सहभागीकडे राहिलीच पाहिजे. तिच्यावर संपर्काचा मार्ग असावा.

## टप्पा ७ : दुसऱ्याच्या वतीने दिलेली संमती

मुलांच्या बाबतीत पालकांची परवानगी लागते, पण तेवढी पुरत नाही. मुलाला त्याच्या वयाला झेपेल अशा भाषेत सांगून त्याचा होकारही घ्यावा. मुलाने अंग चोरले, उत्तरे टाळली, तर पालकांची सही हातात असूनही थांबावे. स्मृतिभ्रंश किंवा आजारपणामुळे निर्णय घेता न येणाऱ्या प्रौढांबाबतही हेच. कायदेशीर प्रतिनिधीने सही केली तरी त्या व्यक्तीचा विरोध मोजावा.

समूहाच्या बाबतीत उलट चूक होते. मूळनिवासी समूहांच्या हक्कांविषयी संयुक्त राष्ट्रांच्या २००७ च्या जाहीरनाम्यात मुक्त, पूर्व आणि माहितीपूर्ण संमती हे तत्त्व आहे, आणि समूहाच्या पंचांशी आधी बोलणे योग्यच आहे. मात्र पंचांची परवानगी म्हणजे दारापर्यंत येण्याची मुभा. घरातल्या प्रत्येकाला पुन्हा विचारावेच लागते.

## टप्पा ८ : संमती चालू ठेवावी, माघारीची सोय तपासावी

एकदा घेतलेली संमती त्या दिवशी सांगितलेल्या कामापुरती असते. प्रश्न बदलले, नवा भागीदार आला, माहिती दुसऱ्या संस्थेला द्यायची ठरली किंवा नवा धोका लक्षात आला, तर पुन्हा विचारावे. लांब चालणाऱ्या कामात बदल नसला, तरी प्रत्येक भेटीच्या सुरुवातीला ‘आज पुढे जाऊ या का?’ असे विचारण्याची सवय ठेवावी.

माघार घेताना कारण विचारू नये आणि ती संमती देण्याइतकीच सोपी असावी. होकार तोंडी घेतला आणि माघारीसाठी लेखी अर्ज मागितला, हे चालणार नाही. मात्र माघारीलाही व्यावहारिक मर्यादा असतात, आणि त्या लपवू नयेत. छापून झालेला अहवाल परत घेता येत नाही; एकत्रित बेरजेत मिसळलेले आकडे वेगळे काढता येत नाहीत. म्हणून कोणत्या तारखेपर्यंत काय काढून टाकता येईल, हे तिसऱ्या टप्प्यातल्या मजकुरातच लिहिलेले असावे.

काम सुरू करण्याआधी एक तालीम करून पाहावी. गटातल्या एका सदस्याने सहभागी व्हावे, खोटी मुलाखत द्यावी, सर्व सह्या कराव्यात आणि आठवड्याने पत्रावरच्या क्रमांकावर ‘माझे सगळे काढून टाका’ असा निरोप पाठवावा. निरोप कोणाला मिळाला, किती दिवसांनी उत्तर आले, ध्वनिमुद्रणाच्या प्रती कोणाकोणाच्या फोनमध्ये, ई-मेलमध्ये आणि जुन्या पेन-ड्राइव्हवर निघाल्या, याची यादी करावी. पहिल्या तालमीत सगळ्या प्रती सापडल्या असे सहसा होत नाही. जी प्रत सापडली नाही ती का सापडली नाही ते शोधावे, साठवणुकीची जागा एकच ठेवावी, आणि सर्व प्रती निघेपर्यंत तालीम पुन्हा करावी. पहिल्या सहभागीला भेटायची तारीख त्यानंतर ठरवावी.